जेऊरची दोन मिनिटं

मुरुमच्या वेशीबाहेर छकडा जुंपून तयार आहे. जानेवारी १८९८ चा तिसरा आठवडा चालू आहे. कमरेच्या कशात तुम्ही निजामाचे हाली रुपये बांधलेत, कारण मुरुम हैदराबाद संस्थानात आहे. तुम्हाला जायचंय ते जेऊर स्टेशन मात्र इंग्रजी मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. तिथे कलदार चालतो.

येत्या अमावस्येला सूर्य झाकोळणार आहे. मुरुमला तो बराचसा झाकला जाईल, पण पुरता नाही, आणि तेवढी कसर तुमच्या कामाला पुरेशी घातक आहे. सूर्याची बारीक कड जरी उघडी राहिली तरी तिच्या झगमगाटात भोवतीचं प्रभाकिरीट, म्हणजे सूर्याचं बाहेरचं विरळ आवरण, दिसत नाही. चंद्राची दाट सावली एका अरुंद पट्ट्यातून धावणार आहे. विजयदुर्गाजवळ ती किनारा ओलांडेल, जेऊरवरून वऱ्हाड-नागपूरकडे सरकेल आणि पुढे गंगाकाठच्या बक्सरकडे जाईल. त्या पट्ट्यात पोचायचं म्हणून हा प्रवास.

नळदुर्गच्या किल्ल्याखाली बोरी नदी ओलांडून छकडा सोलापूरची वाट धरतो. सरहद्दीच्या नाक्यावर झडती होते. सोलापुरात सराफाकडे हाली देऊन कलदार घेता. स्टेशनावर प्लेगची तपासणी चालू आहे. डॉक्टर नाडी पाहतो, काखेत गाठ नाही ना हे चाचपतो आणि मग गाडीत बसू देतो. मोहोळ, माढा, कुर्डूवाडी, केम ही स्टेशनं मागे पडतात आणि जेऊर येतं.

माळावर तंबू आहेत. एका बाजूला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांची छावणी. त्यांचा चाळीस फूट लांबीचा कॅमेरा थेट सूर्याच्या जागेकडे रोखलेला आहे. दुर्बीण हलवण्याऐवजी तळाशी असलेली काचेची प्लेटच सूर्याच्या गतीने सरकणार आहे. दुसऱ्या बाजूला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सची छावणी आहे. तिचे प्रमुख प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला. तुम्ही इथे मदतनीस म्हणून उभे राहता. प्लेटांच्या चौकटींची पेटी तुमच्याकडे सोपवली जाते आणि एक विद्यार्थी यंत्र दाखवायला पुढे येतो.

"तारा पाहणं निराळं, ताऱ्याचा प्रकाश उलगडणं निराळं," तो सांगतो. "पाहुणे, आपण उलगडणारे."

आधी तो नेहमीचा वर्णपटदर्शक दाखवतो. दुर्बिणीतून आलेला प्रकाश एका अरुंद फटीतून आत येतो. मागचं भिंग त्याचे किरण समांतर करतं, लोलक ते रंगारंगांत फाकवतो आणि शेवटच्या छोट्या दुर्बिणीतून तुम्ही पाहता. दिसणारी प्रत्येक रेषा म्हणजे त्या फटीचंच चित्र असतं, एकेका रंगातलं. म्हणून फट बिघडली की सगळंच बिघडतं. फटीच्या पात्यांवर धुळीचा कण बसला तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत एक काळी रेघ धावते. ताऱ्याच्या रेषा वर्णपटाला आडव्या छेदतात, धुळीची रेघ त्याच्या लांबीने जाते. एवढं ओळखता आलं की अर्धा दोष सापडला. सगळ्याच रेषा सारख्या जाड दिसल्या तर फट रुंद आहे. फट बारीक करूनही त्या पुसट राहिल्या तर भिंगाची नाभी चुकली आहे. रात्री हवा गार होते तशी लोलकाची काचही गार होते आणि सगळा वर्णपट किंचित सरकतो. म्हणून मोजणी करताना शेजारी ओळखीच्या मूलद्रव्याची ठिणगी पाडायची आणि तिच्या रेषांशी ताडून पाहायचं. ठिणगीचा प्रकाशही ताऱ्याच्याच वाटेने आत आला पाहिजे. तो थोडा तिरका आला तर ताऱ्याची रेषा सरकल्याचा भास होतो, आणि असा भास छापूनही जातो.

ही शिस्त या छावणीत पुण्याहून आली आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना नायगमवालांना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तितकीच भर घातली. त्यातून १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कारखान्यातून आलेली तिची २० इंची परावर्तक दुर्बीण देशात सर्वांत मोठी होती. उभारणीच्या वेळी नायगमवालांनी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचाही सल्ला घेतला होता. आणि त्याच लॉकियर यांच्या सिद्धान्ताची परीक्षा पुण्यात झाली.

संध्याकाळी तंबूबाहेर बसून विद्यार्थी ती हकीकत सांगतो. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा आहे. लॉकियर यांचं म्हणणं असं की ती मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याचा उरलेला भाग आहे आणि तेजोमेघ उल्कांच्या थव्यांचे बनलेले आहेत. दोन्हींच्या जागा इतक्या जवळ की नुसत्या मोजमापाने भांडण मिटेना. पण मॅग्नेशियमच्या त्या पट्ट्याची एकच कड धारदार असते, दुसरी बाजू हळूहळू विरत जाते. पुण्यात फट अरुंद करून पुनःपुन्हा पाहिलं गेलं. रेषा दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव दिसली. १८९१ मध्ये नायगमवालांनी तसं प्रसिद्ध केलं. ज्यांचा सल्ला घेतला त्यांच्या विरोधात जाणारी गोष्ट यंत्राने सांगितली आणि ती जशीच्या तशी लिहिली गेली. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन १९२७ मध्ये दाखवतील. आज संध्याकाळी इथे बसलेल्या कुणालाच ते ठाऊक नाही. तरी नोंद बरोबर आहे, आणि तुम्ही तेवढ्यासाठीच इतक्या लांब आलात.

ग्रहणासाठी वेगळं यंत्र लागतं. इथे कॅमेऱ्याच्या तोंडाशीच लोलक आहे आणि फट नाहीच. सूर्य झाकत येतो तेव्हा उरलेली नखाएवढी कोर स्वतःच फटीचं काम करते. जमिनीवरचा आरसा घड्याळयंत्राने फिरतो आणि सूर्यप्रकाश आडव्या कॅमेऱ्यात एका जागी धरून ठेवतो. सगळा भरवसा त्या घड्याळावर. माळावरची धूळ तेलात मिसळली की दाते अडखळतात, आरसा आचका खातो, प्लेटवरची प्रत्येक रेषा दुहेरी उमटते. तुम्ही दाते पुसता, नवं तेल अगदी बेतानं घालता, वजनाची दोरी तपासता. रात्री व्याध वर आला की त्याचा वर्णपट प्लेटवर घेऊन पाहायचा. त्यातल्या हायड्रोजनच्या रुंद रेषा नीट आल्या तर नाभी बरोबर आहे. एका प्लेटवर करडं धुकं दिसतं. चौकट उन्हात धरून निरखता तेव्हा कोपऱ्यात केसाएवढी भेग सापडते. काळा कागद चिकटवून पुन्हा प्लेट घेता. आता धुकं नाही.

मग तालीम. एक जण मोठ्याने सेकंद मोजतो, दुसरा झाकण काढतो, तिसरा चौकट बदलतो. पुन्हा मोजणी, पुन्हा बदल. हाताला क्रम पाठ झाला पाहिजे, कारण खग्रास अवस्था इथे जेमतेम दोन मिनिटांची आहे आणि त्या दोन मिनिटांत विचार करायला सवड नाही.

शनिवार, २२ जानेवारी. पौष अमावस्या. आकाश निरभ्र आहे. दुपारी सूर्याला खोबण पडते. "दे दान, सुटे गिऱ्हाण" ही आरोळी लांबून ऐकू येते. ऊन पिवळट होत नाही, ते नुसतं क्षीण होत जातं. लिंबाच्या झाडाखाली पडलेल्या कवडशांच्या कोरी झाल्यात. हवा गार पडते. घड्याळयंत्र एकसारखं चाललेलं आहे, दुसरा कसला आवाज नाही. तुमचा हात पहिल्या चौकटीवर आहे.

कोर नाहीशी होते त्या क्षणी हुकूम येतो. झाकण निघतं. सूर्यपृष्ठाचा झगमगाट गेल्यामुळे त्यावरचा वर्णगोलाचा पातळ थर एकटा उजळतो, आणि एरवी काळ्या दिसणाऱ्या शेकडो रेषा काही सेकंद चमकत्या कमानी होऊन प्लेटवर पडतात. शास्त्रज्ञ याला फ्लॅश स्पेक्ट्रम म्हणतात. चौकट बदला. दुसरी. तिसरी. आता प्रभाकिरीटासाठी लांब उघडीप. मोजणारा आकडे म्हणत राहतो आणि तुम्ही हात आवरून धरता, कारण आता पेटीला धक्का लागला तर सगळं गेलं. आसपास लोकांचा एकच उद्गार उठतो. मान वर करायचा मोह होतो. तुम्ही करत नाही. पुढची चौकट, पुढची, आणि शेवटची कड उजळताना अखेरची. ऊन परत येतं. झाकण बसतं. इतक्या लांबून येऊन तुम्ही ग्रहण पाहिलंच नाही, आणि कॅमेऱ्याशी उभ्या असलेल्या प्रत्येकाचं तसंच झालं.

रात्री अंधाऱ्या तंबूत तांबड्या कंदिलाशी प्लेटा धुतल्या जातात. रसायनात काच हलवता हलवता करड्या कमानी वर येतात. त्या बहुतेक लहान आणि तीक्ष्ण आहेत, त्या वर्णगोलाच्या. हिरव्या भागात मात्र एक रेषा कमान नाही. ती पुरं कडं आहे, रुंद आणि विरळ, कारण ती चंद्राभोवती सर्वत्र पसरलेल्या प्रभाकिरीटाची आहे. तीस वर्षं समजूत अशी होती की ही हिरवी रेषा ५३१७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला, लोखंडाच्या एका ओळखीच्या रेषेशी जुळते. फटीच्या यंत्रात दोन्ही रेषा सरळच दिसत, म्हणून घोटाळा झाला. फटीवाचून घेतलेल्या चित्रात वर्णगोलाची कमान आणि प्रभाकिरीटाचं कडं आकारावरून वेगळं निवडता येतं. या ग्रहणाच्या भारतातल्या छावण्यांमधून घेतलेल्या वर्णपटांनी ती रेषा ५३०३ च्या आसपास नेऊन ठेवली. फरक फक्त १४ अँगस्ट्रॉमचा. पण त्यामुळे रेषेची जुनी ओळख गळून पडली आणि प्रश्न उघडा झाला. उत्तर मिळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. ग्रोट्रियान आणि एडलेन या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की ही रेषा १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. म्हणजे प्रभाकिरीटाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे, सूर्यपृष्ठाच्या कितीतरी पट. जेऊरसारख्या माळांवरच्या नोंदी चुकल्या असत्या तर हा प्रश्न विचारायचीही सोय राहिली नसती.

आता १४ वर्षं पुढे चला. १९१२, पुणे. नायगमवाला निवृत्त झाले आहेत आणि वेधशाळा बंद होते आहे. यंत्रं कोडाईकनालला रवाना होतात. त्यांत ती २० इंची दुर्बीणही आहे. पुढे भावनगर दुर्बीण या नावाने ती दीर्घकाळ काम करेल आणि १९८०च्या दशकात लेहकडे नव्या वेधशाळेसाठी आकाश पारखायलाही जाईल. आरसा टिकला, लोखंड टिकलं. पुण्यात जे मोडलं ते दुसरंच होतं. फट कशी साफ करायची, ठिणगी कुठून आत सोडायची, बिघाड यंत्रात आहे की आकाशात हे कसं ओळखायचं, हे एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची वाट बंद झाली. एका माणसाच्या जिवावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर थांबली. महाराष्ट्राने तिथे गमावलेला काळ फार मोठा आहे.

शेवटचा मुक्काम गिरवली, पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण इथे २००६ मध्ये सुरू झाली. तुम्ही नियंत्रण-खोलीत पडद्यासमोर बसता. घड्याळयंत्राचं काम संगणक करतो, प्लेटच्या जागी सीसीडी हा इलेक्ट्रॉनिक संवेदक आहे, हवेतली आर्द्रता वाढली की घुमट बंद करावा लागतो. वर्णपट उमटत नाही. घाबरायचं कारण नाही, क्रमाने पाहायचं. तारा फटीवर आहे का? मार्गदर्शक कॅमेरा भलत्याच ताऱ्याच्या मागे तर लागला नाही? तुलनेच्या दिव्याचा, म्हणजे जुन्या ठिणगीच्या जागी आलेल्या दिव्याचा, आरसा वाटेत राहून गेला का? सगळं ठीक करून ताऱ्याचा वर्णपट घेता आणि दुर्बीण जागची न हलवता लगेच दिव्याचाही घेता. दुर्बीण कलली की यंत्र आपल्याच वजनाने किंचित वाकतं आणि रेषा सरकतात. १८९८ चा विद्यार्थी इथे असता तर त्याला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

त्या दिव्यात हेलियम आहे. त्याची पिवळी रेषा १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात दिसली होती. त्या ग्रहणाची सावलीही विजयदुर्ग, जमखंडी, विजापूर, गुंटूर अशी याच दख्खनेवरून गेली. सुरुवातीला ती सोडियमची वाटली. मोजमाप नेटकं झालं तेव्हा ती सोडियमच्या जोडरेषेपासून वेगळी निघाली, आणि पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांना १८९५ मध्ये सापडला. तेव्हाचं कोडं आज तुमची मोजपट्टी आहे.

म्हणून धाराशिवपासून सावंतवाडीपर्यंत ज्या कॉलेजांत दुर्बिणी आहेत, त्यांच्याकडे मागणं एकच. दुर्बिणीबरोबर ती चालवणारी आणि दुरुस्त करणारी मुलं दरवर्षी तयार करा. बिघाडांची वही ठेवा, आणि ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्या. आपल्याला अर्थ लागला नाही म्हणून एखादी रेषा नोंदीतून गाळू नका. अर्थ पुढचे लोक लावतील. जागा बरोबर लिहिणं हे आपलं काम आहे.