सोंगातील शस्त्र आणि शांतिबंध

शस्त्र कोणी, कोठे आणि कोणत्या स्थितीत बाळगावे याविषयीचे नियम पाहिले म्हणजे त्या समाजातील परस्परविश्वास कशाच्या आधारावर उभा आहे याची कल्पना येते. हे विधान खऱ्या शस्त्रांइतकेच नकली शस्त्रांनाही लागू पडते. विज्ञानकथा, चित्रकथा व चित्रपट यांच्या रसिकांची जी संमेलने अमेरिका, युरोप आणि जपान येथे भरतात, त्यांत आवडत्या पात्राचा वेष धारण करून वावरण्याची प्रथा आहे. वेषाबरोबर तलवार, धनुष्य, बंदूक ही साधने ओघानेच येतात, आणि ती कशी असावीत याचे नियमही मोठ्या संमेलनांतून आढळतात. वरवर पाहता हे नियम व्यवस्थेच्या सोयीपुरते वाटतात. परंतु त्यांचा कालक्रम लावून पाहिला असता एक मूलगामी प्रश्न पुढे येतो. सोंगातील शस्त्र खरे नाही, याची हमी कोणी द्यावयाची?

या प्रथेचा आरंभ सामान्यतः न्यूयॉर्क येथे १९३९ मध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा-संमेलनापासून मानला जातो. फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे तेथे भविष्यकाळातील मानवाच्या वेषात आले होते; ते वेष डग्लस यांनीच तयार केले होते. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषधारणाचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. या काळातील विज्ञानकथेचे प्रातिनिधिक शस्त्र म्हणजे किरण फेकणारे पिस्तूल. १९३४ पासून ते खेळण्याच्या रूपाने अमेरिकेच्या बाजारात मिळू लागले होते. अशा पिस्तुलाला वास्तवात प्रतिरूपच नसल्यामुळे ते पाहून कोणी भयभीत होण्याचे कारण नव्हते. कल्पित शस्त्राची हमी त्याच्या कल्पितपणातच सामावलेली होती.

ही स्थिती १९६० नंतरच्या दशकात पालटू लागली. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मध्ययुगीन युरोपीय जीवनाचे हौशी पुनरुज्जीवन करणारी एक संस्था उदयास आली. ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम’ हे तिचे नाव. तेथेच १९६८ मध्ये भरलेल्या जागतिक विज्ञानकथा-संमेलनात या मंडळींनी द्वंद्वयुद्धाचे प्रात्यक्षिक करून दाखविले. प्रत्यक्ष झुंजीत त्यांची तलवार वेताची असे. तथापि वेषाचा भाग म्हणून कमरेला पोलादी पाते बाळगण्याची हौसही या वर्तुळात होती. किरणपिस्तुलापेक्षा हा प्रश्न सर्वस्वी निराळा होता, कारण पाते हे सोंगातही पातेच राहते. यावरील उपाय म्हणून मूठ व म्यान एकत्र बांधून टाकण्याची रीत रूढ झाली. इंग्रजीत या बांधणीला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘शांतिबंध’ असा होतो. पुढे रसिक-संमेलनांनीही तिचा अंगीकार केला. चामड्याच्या वादीची जागा प्लॅस्टिकच्या पट्टीने घेतली, एवढाच काय तो फरक.

अशा बंधाची कल्पना आधुनिक नाही. तेराव्या शतकात रचलेल्या आइसलँडच्या गीस्ली-सागेत याच अर्थाचा शब्द येतो. थोर्केल नावाचा एक पुरुष लोकसभेच्या ठिकाणी उंची तलवार घेऊन बसला असता एक अनोळखी मुलगा ती पाहावयास मागतो. थोर्केल किंचित आश्चर्य व्यक्त करून तलवार त्याच्या हाती देतो. मुलगा बाजूला वळतो, शांतिबंध सोडतो, तलवार उपसतो आणि तिनेच थोर्केलचा शिरच्छेद करतो; कारण तो एका जुन्या वैराचा सूड घेण्यासाठी आलेला असतो. बंध हा अपघाताला आवरतो, हेतूला आवरू शकत नाही, ही गोष्ट या प्रसंगातून जितकी स्पष्ट होते तितकी ती कोणत्याही नियमपुस्तिकेत सांगितलेली नसेल.

तलवारीच्या बाबतीत बंध तरी शक्य होता. बंदुकीच्या बाबतीत प्रश्न दिसण्याचा होता, आणि त्यात राज्यसंस्थेने हात घातला. जपानने १९७१ मध्ये धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग देणे सक्तीचे केले. अमेरिकेत १९८७ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील एका दूरचित्रवाणी केंद्रात चालू कार्यक्रमात शिरून एका मनुष्याने निवेदकावर पिस्तूल रोखले. ते खेळण्यातील निघाले. १९८८ च्या संघीय कायद्याने अशा वस्तूंच्या नळीच्या टोकाला नारिंगी खूण आवश्यक ठरविली व १९८९ पासून ती अमलात आली. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवर बंदी घातली. मात्र नाट्यप्रयोग, चित्रपट आणि ऐतिहासिक प्रसंगांचे पुनर्दर्शन यांना सूट ठेवली.

ही सूट लक्षात घेण्यासारखी आहे. रंगमंचाची चौकट हीच तेथे हमी असते. चौकटीच्या आत जे घडते ते खोटे, हे प्रेक्षक गृहीत धरूनच बसलेला असतो. रसिक-संमेलनात अशी चौकट नाही. सोंग घेतलेला मनुष्य गर्दीतून चालतो, उपाहारगृहात बसतो, रस्त्यावरही येतो. शिवाय त्याच्या कलेचे यश हुबेहूबपणात, तर कायद्याचे समाधान खोटेपणाच्या उघड खुणेत! संमेलनांचे नियम या दोहोंमधील तडजोड होत. धातूच्या धारदार पात्याऐवजी फोम, लाकूड वा प्लॅस्टिक. बंदूक निकामी केलेली. शस्त्र कोणावरही न रोखण्याचा दंडक. आणि प्रवेशाच्या वेळी तपासणी. १९७० मध्ये सुरू झालेल्या सॅन डिएगोच्या चित्रकथा-संमेलनात वेषातील शस्त्रे तपासून त्यांवर खूण बांधण्याची पद्धत आहे. येथे हमी देणारा बदलला : प्रथम ती वस्तूच्या स्वरूपात होती, मग बाळगणाऱ्याच्या शब्दात, आता ती संयोजकांच्या पट्टीत आली.

या हमीची मर्यादा २५ मे २०१७ रोजी अॅरिझोनातील फीनिक्स येथे उघड झाली. तेथील संमेलनाच्या आवारात चिलखती पोशाख केलेला एक मनुष्य चार भरलेल्या बंदुकांसह पकडला गेला. कोणालाही इजा झाली नाही. परंतु त्याला अडविले ते शस्त्रतपासणीने नव्हे. त्याच्या संदेशांवरून शंका आलेल्या एका परिचित व्यक्तीने पोलिसांना वेळीच कळविले होते. संयोजकांनी तत्काळ सर्व नकली शस्त्रांवर बंदी घातली. परिणामी ज्यांची शस्त्रे फोमची होती त्यांना ती बाहेर ठेवावी लागली, आणि खऱ्या बंदुकांचा प्रश्न मात्र नकली शस्त्रांच्या नियमाने सुटण्यासारखा नव्हताच.

यावरून हे नियम निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. गर्दीत लांब भाल्याचे टोक डोळ्यात जाणे किंवा नकली बंदूक पाहून पोलिसांचा गैरसमज होणे, हे धोके खरे आहेत आणि नियमांमुळे ते टळतात. चूक होते ती अपघातासाठी निर्माण झालेल्या नियमाकडून वैरापासून संरक्षणाची अपेक्षा केली जाते तेव्हा. पट्टी वस्तूविषयी साक्ष देते. वस्तू धरणाऱ्या हाताविषयी देत नाही. ती साक्ष त्या हाताला ओळखणाऱ्या माणसांनाच द्यावी लागते. फीनिक्स येथे ती वेळेवर मिळाली. थोर्केलच्या सभेत त्या मुलाला ओळखणारे कोणी नव्हते.