सक्तीच्या गणिताची साखळी

आठवीच्या गणिताच्या पुस्तकात क्षेत्रफळाच्या प्रकरणात वेड्यावाकड्या जमिनीची आकृती येते. जमिनीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ आणि उरलेल्या कोपऱ्यांतून त्या रेघेवर टाकलेले लंब. रेघेवर अंतरं लिहिलेली, लंबांवर लांब्या. मुलांनी त्यातून काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडायचे, एकेकाचं क्षेत्रफळ काढायचं आणि बेरीज करायची. मारुंजीतल्या एका शेतकऱ्याकडे जुन्या मोजणीच्या टिपणाची नक्कल पाहिली आणि मला ही आकृतीच आठवली. तीच मधली रेघ, तेच लंब, कडेला तसेच आकडे. भूकरमापक याला शंकू-साखळीची मोजणी म्हणतात. शंकूने काटकोन साधायचा, साखळीने अंतर मोजायचं. तेव्हापासून माझी खात्री होत गेली आहे की महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळेत गणित सक्तीचं झालं ते या साखळीच्या मागोमाग.

आधी साखळी पाहू. इंग्लंडमध्ये एडमंड गुंटरने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी रूढ केली. मुंबई इलाख्याच्या मोजणीने तिची निम्मी, ३३ फुटांची साखळी घेतली आणि तिचे भाग पाडले सोळा. त्यांना म्हटलं आणे. साहेबाची लांबी आणि आपल्या रुपयाचे भाग एका लोखंडी साखळीत ओवले गेले. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. त्याआधी आपल्याकडे पाच हात पाच मुठींची काठी होती, वीस काठ्यांचा औरसचौरस बिघा होता. काठी गेली, बिघा गेला, गुंठा मात्र आजही टिकून आहे. हिंजवडीची आयटी कंपन्यांची वस्ती पसरत मारुंजी, नेरे, जांब्यापर्यंत आली, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, तरी व्यवहार बोलला जातो तो गुंठ्यातच. का टिकला? माझ्या मते कारण सरळ आहे. गुंठा भरतो १०१ चौरस मीटरला थोडा वर आणि आर असतो १०० चा. फरक इतका किरकोळ की दशमान पद्धत आली तरी गुंठा हलवायची कुणाला गरजच वाटली नाही.

आता सक्तीकडे. याबद्दल दोन मतं नेहमी ऐकू येतात. पहिलं असं की इंग्रजांना कारकून हवे होते, म्हणून गणित आलं. हे मला अजिबात पटत नाही. हिशेबाचे कारकून पंतोजींच्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या तयार करतच होत्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असलेल्या मुलाला खातेवही लिहायला त्रिकोणाची गरज पडत नाही. निव्वळ कारकूनच हवे असते, तर भूमिती कशाला आणली असती?

दुसरं मत वजनदार आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि विलायती विद्यापीठांच्या वळणाने युक्लिड आपल्याकडे आला. पक्ष, साध्य, सिद्धता हा शिरस्ता तिथूनच आला हे मी मान्य करतो. पण मग मॅट्रिकच्या आधी तीस-पस्तीस वर्षं मराठीत भूमितीची पुस्तकं काय करत होती?

ती पुस्तकं लिहिणारा माणूस जॉर्ज रिट्सो जर्व्हिस, बॉम्बे इंजिनिअर्स या पलटणीचा कप्तान. मुंबईत १८२३ मध्ये इंजिनिअर इन्स्टिट्यूशन सुरू झाली ती त्याच्या हाताखाली. मोजणी आणि बांधकाम खात्यासाठी माणसं तयार करणं हा तिचा हेतू, आणि शिकवणं मराठी-गुजरातीतून. शिकवायला पुस्तकं नव्हती, म्हणून जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या मदतीने जर्व्हिसने ती मराठीत केली. कर्तव्यभूमिती हे त्यातल्या एकाचं नावच सांगतं की ही भूमिती हातांनी करायची आहे. मुख्य आधार होता चार्ल्स हटनचा. हटन हा कोळशाच्या खाणीत राबणाऱ्याचा मुलगा, पुढे वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकादमीत गणिताचा प्राध्यापक. त्याचा गणिताचा अभ्यासक्रम १७९८ पासून छापला गेला तो तोफखान्याच्या आणि इंजिनिअर शाखेच्या कॅडेटांसाठी. कॅडेटाला 'गणित नको' म्हणण्याची सोय नव्हती. मोजणीच्या उमेदवारालाही नव्हती. त्याच्या शिक्षणाचा कणाच गणित होता.

याच जर्व्हिसच्या देखरेखीखाली शिक्षकही तयार झाले आणि १८२६ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. त्याचा भाऊ थॉमस बेस्ट जर्व्हिस त्याच सुमारास कोकणची मोजणी करत होता. पुढे १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी दख्खनच्या नव्या जमाबंदीचा पाया घातला. त्यातला जॉर्ज विंगेट कोण? तोही बॉम्बे इंजिनिअर्सचाच. पाठ्यपुस्तक लिहिणारा आणि शेतात साखळी टाकणारा, दोघं एकाच पलटणीचे. माझ्या सगळ्या मांडणीचा खिळा इथे ठोकलेला आहे.

इंजिनिअर इन्स्टिट्यूशन १८३२ मध्ये बंद पडली आणि मॅट्रिक आली १८५९ मध्ये. मधली वर्षं कशी जोडायची? माझा कयास असा की संस्था गेली तरी पुस्तकं आणि शिक्षक उरले. मुलकी खात्याला दर तालुक्यात मोजणारी माणसं हवी होती, आणि १८५४ मध्ये पुण्यात बांधकाम खात्याच्या माणसांसाठी इंजिनिअरिंगचा वर्गही निघाला. विद्यापीठाने सक्ती लिहून काढली तेव्हा खालची जमीन तयार होती. युक्लिड वरून आला, क्षेत्रफळ खालून आलं, आणि दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी बसले.

या मांडणीला सर्वांत मोठा पुरावा मला उलट्या बाजूने मिळतो. महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये १८९१ ते १९१४ गणिताचे प्राध्यापक. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, पहिले कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे. गणिताच्या अशा दोन दिग्गजांनी उभ्या केलेल्या विद्यापीठात गणित मात्र ऐच्छिक होतं! मातृभाषा, इंग्रजी, गृहजीवन आणि आरोग्य आवश्यक. बुद्धीला वळण लागावं म्हणून गणित सक्तीचं असतं, तर कर्व्यांनी ते मुलींसाठी का सोडलं असतं? त्या काळाच्या नजरेत मोजणीची साखळी बाईच्या हातात नव्हती, म्हणून सक्तीही नव्हती. माझं हे म्हणणं कर्व्यांच्या भक्तांना रुचणार नाही, पण मी त्यावर ठाम आहे.

मुलगे-मुली सगळ्यांना दहावीपर्यंत गणित हवंच, ही शिफारस कोठारी आयोगाची, १९६४ ते ६६ ची. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिणारेही तेच. मातृभाषेतून शिकवण्यासाठी अर्स्किन पेरीशी झगडणारा जर्व्हिस त्या इतिहासात आहे. जर्व्हिसला इतक्या जवळून ओळखणाऱ्या माणसाच्या देखत सक्ती पुरी झाली, याचं मला फार अप्रूप वाटतं. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गणित ऐच्छिक करता येईल का, असं परीक्षा मंडळांना विचारलं. वाद चालूच आहे.

माझ्या मांडणीवर एक जुना दावेदार मात्र खरोखर भारी पडतो. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, इसवी सन १२०७ च्या, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचं कोरलेलं आहे. तिथे आजोबांचे ग्रंथ नेमाने शिकवले जावेत असा त्याचा दंडक. म्हणजे गणित शिकवण्याची सक्ती महाराष्ट्राच्या दगडावर साडेसहाशे वर्षं आधीच होती. फरक इतकाच की चांगदेवाची सक्ती ज्योतिषाच्या मोजक्या विद्यार्थ्यांपुरती होती, शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोरावर नव्हती.

पण भास्कराचार्य मोजणीचं मर्म जाणून होते. चौकोनाच्या फक्त चार बाजू सांगून नेमकं क्षेत्रफळ विचारणाऱ्यावर आणि ते सांगणाऱ्यावर त्यांनी लीलावतीत कडक शब्दांत कोरडे ओढले आहेत, कारण लंब किंवा कर्ण कळल्याशिवाय चौकोन पक्का होत नाही. मारुंजीत एक गुंठ्याचा प्लॉट घेणाऱ्याने हे वाचायलाच हवं. चारही बाजू ३३ फूट भरल्या, पण कोपरा कलून ६० अंशांचा झाला, तर हातात पडतात सुमारे ९४३ चौरस फूट, गुंठ्याला १४६ कमी. टेपने कर्ण मोजावा. ४६ फूट ८ इंच भरला, तर गुंठा पुरा.