व्हर्च्युअल मेकअप ट्राय-ऑन: ॲप तुमचा चेहरा कसा वाचतं, आणि कुठे चुकतं?

लग्नसराई जवळ आली की मोबाईलमध्ये एखादं तरी मेकअप ॲप येतंच. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, लिपस्टिकच्या शेडवर बोट ठेवायचं, आणि क्षणात ओठ रंगलेले दिसतात. पुढे ॲप म्हणतं, "तुमच्यासाठी हीच फाउंडेशनची शेड." आपण ती मागवतो. बाटली घरी येते, लावून बघतो, आणि चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची!

मग दोष कोणाचा? ॲपचा, कॅमेऱ्याचा, की खोलीतल्या ट्यूबलाइटचा? या लेखात आपण हे तंत्र कसं चालतं, त्याच्या कुठल्या सल्ल्यावर विश्वास ठेवावा, कुठल्या सल्ल्यावर ठेवू नये, आणि स्वतःचा चेहरा न हरवता त्याचा उपयोग कसा करावा ते समजून घेऊ.

व्हर्च्युअल ट्राय-ऑन म्हणजे काय?

खरा मेकअप न लावता तो चेहऱ्यावर कसा दिसेल हे स्क्रीनवर दाखवणारं तंत्र म्हणजे व्हर्च्युअल ट्राय-ऑन. तैवानच्या परफेक्ट कॉर्प कंपनीचं यूकॅम मेकअप हे ॲप २०१४ मध्ये आलं. टोरोंटोची मोडीफेस ही याच क्षेत्रातली कंपनी २०१८ मध्ये लॉरियालने विकत घेतली. आज मोठ्या ब्रँडच्या आणि ब्यूटी शॉपिंगच्या अनेक ॲप्समध्ये ही सोय असते. नावं वेगवेगळी असली तरी आतली पद्धत साधारण सारखीच असते.

हे काम कसं करतं?

१. चेहरा शोधणे: चित्रात चेहरा नेमका कुठे आहे हे ॲप आधी ठरवतं. पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स यांनी २००१ मध्ये चेहरा झटपट शोधण्याची एक गाजलेली पद्धत मांडली होती. आता हे काम न्यूरल नेटवर्क करतं.

२. खुणेचे बिंदू ठेवणे: डोळ्यांचे कोपरे, भुवया, ओठांची कड, हनुवटी यांवर ॲप अदृश्य ठिपके मांडतं. गुगलच्या मीडियापाइप फेस मेश या प्रणालीत असे ४६८ बिंदू असतात आणि त्यांतून चेहऱ्याची जाळी तयार होते. मान वळवली की जाळीही वळते, म्हणून काजळ डोळ्यांवरच राहतं.

३. भाग वेगळे करणे: ओठ कुठे संपतात, त्वचा कुठे सुरू होते, केस कुठले, हे पिक्सेल पाहून ठरवलं जातं.

४. रंग मिसळणे: लिपस्टिकचा रंग ओठांवर नुसता थापला जात नाही. ओठांवरची सावली, रेषा, चमक तशीच ठेवून त्यात रंग मिसळला जातो. मॅट असेल तर चमक कमी केली जाते, ग्लॉस असेल तर वाढवली जाते.

हे सगळं व्हिडिओच्या प्रत्येक चित्रासाठी, म्हणजे सेकंदाला साधारण ३० वेळा, पुन्हा पुन्हा होतं.

यातली एक गंमत आपल्याकडच्या नवरीला लगेच कळेल. नथ घालून ट्राय-ऑन करून बघा. नथीचे मोती वरच्या ओठावर आले की ॲपला ओठाची कड सापडत नाही आणि लिपस्टिक कधी मोत्यांवर चढते. म्हणून आधी नथ काढून शेड बघा, मग नथीसकट साधा फोटो काढून दोन्हींचा मेळ बसतो का ते तपासा.

शेड ओळखताना गडबड कुठे होते?

लिपस्टिक दाखवणं तुलनेनं सोपं. ओठावर गडद रंग चढतो, थोडा फरक पडला तरी खपून जातं. फाउंडेशनचं तसं नाही. ते त्वचेत मिसळून दिसेनासं व्हायला हवं. आणि ते निवडताना ॲप तुमची त्वचा मोजत नाही, तुमच्या त्वचेचा फोटो मोजतं. या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे.

कारण फोटोतला रंग तीन गोष्टींनी मिळून बनतो: त्वचा, तिच्यावर पडलेला प्रकाश आणि कॅमेऱ्याची दुरुस्ती. पिवळसर बल्ब साधारण २७०० केल्विनचा असतो, पांढराशुभ्र एलईडी ६५०० केल्विनच्या आसपास. त्याच चेहऱ्याचे या दोन दिव्यांत काढलेले फोटो वेगवेगळ्या रंगाचे निघू शकतात. फोन ऑटो व्हाइट बॅलन्स वापरून हे सावरायचा प्रयत्न करतो, पण तो त्याचा अंदाज असतो. मागची भिंत गुलाबी असेल किंवा अंगावर हिरवा शालू असेल तर अंदाज आणखी बिघडतो. शालूचा हिरवा उजेड हनुवटीखाली पडतो तो वेगळाच.

हळदीच्या दिवशी सेल्फी काढून शेड शोधणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. त्वचेवर पिवळी झाक उरलेली असते आणि ॲप तुम्हाला सरळ पिवळ्या अंडरटोनची शेड सुचवून मोकळं होतं!

अंडरटोन म्हणजे नेमकं काय?

आपण रंग सांगताना गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे शब्द वापरतो. हे सगळे शब्द त्वचा किती उजळ आणि किती गडद एवढंच सांगतात. अंडरटोन म्हणजे त्या रंगातली झाक: पिवळसर, लालसर, की दोन्हींच्या मधली. दोन गव्हाळ बहिणींना एकच फाउंडेशन चालेल असं नाही, ते यामुळेच.

संगणक रंग मांडताना बऱ्याचदा १९७६ ची सीआयई लॅब पद्धत वापरतो. तिच्यात तीन आकडे असतात: पहिला उजळ ते गडद, दुसरा हिरवा ते लाल, तिसरा निळा ते पिवळा. म्हणजे उजळपणाला एकच आकडा, आणि झाक सांगायला दोन. फाउंडेशनही असंच बनतं. पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये लाल, पिवळे आणि काळे आयर्न ऑक्साइड वेगवेगळ्या प्रमाणात घालून शेड तयार होतात. प्रमाण थोडं चुकलं की चेहरा राखाडी किंवा विटकरी दिसतो.

सावळ्या त्वचेशी जुना दुजाभाव

फोटोचं तंत्र सुरुवातीपासून गोऱ्या त्वचेकडे झुकलेलं होतं. विसाव्या शतकात रंगीत फोटो छापताना रंग जुळवायला लॅबमध्ये 'शर्ली कार्ड' वापरत. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. ती नीट दिसली म्हणजे रंग बरोबर!

त्वचेचे प्रकार सांगायला अजूनही फिट्झपॅट्रिक मोजपट्टी वापरली जाते. ती डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये केली, आणि तीही उन्हात त्वचा भाजते की रापते हे ठरवण्यासाठी, मेकअपसाठी नाही. सुरुवातीचे चार प्रकार गोऱ्या त्वचेचे होते. गडद त्वचेचे दोन प्रकार नंतर जोडले गेले. गव्हाळपासून गडद सावळ्यापर्यंतच्या एवढ्या छटा अशा एक-दोन खणांत कोंबल्यावर फरक दिसणार कसा?

२०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर गडद त्वचेच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत निघाली. ती मेकअप ॲप्स नव्हती, पण धडा तोच आहे: ज्या चेहऱ्यांवर प्रणाली शिकली, तेच चेहरे तिला नीट दिसतात.

बदल होतोय हेही खरं. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटीने पहिल्याच दिवशी फाउंडेशनच्या ४० शेड बाजारात आणल्या आणि इतर ब्रँडना शेड वाढवाव्या लागल्या. २०२२ मध्ये गुगलने समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची १० छटांची मोजपट्टी सगळ्यांसाठी खुली केली.

मेकअप की चेहराबदल?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मेकअप रंग आणि छाया बदलतो. डोळे उठून दिसतात, गालाचं हाड ठळक होतं, ओठ भरीव वाटतात. पण नाक अरुंद होत नाही, डोळे मोठे होत नाहीत. फिल्टर मात्र हे सगळं करतो, आणि बऱ्याच ॲप्समध्ये ब्यूटी मोड न विचारता सुरू असतो. त्वचा गुळगुळीत करणं, रंग एक पायरी उजळणं, जबडा निमुळता करणं हे मेकअपच्या नावाखाली होऊन जातं.

मग नवरी तो फोटो घेऊन मेकअप आर्टिस्टकडे जाते आणि म्हणते, "मला अस्संच हवंय." आर्टिस्टच्या हातात ब्रश असतो, जादूची कांडी नसते. लग्नाच्या दिवशी आरशात स्वतःलाच बघून नवरी हिरमुसते, आणि चूक आपल्या चेहऱ्याची आहे असं तिला वाटतं. चूक फोटोची असते.

ॲप काय करतंय हे ओळखायच्या दोन सोप्या खुणा:

• तीळ किंवा जुना व्रण बघा. कुठलंही उत्पादन न निवडता तो स्क्रीनवरून गायब झाला असेल तर त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर चालू आहे.
• गालाजवळ पट्टी किंवा पेन्सिल उभी धरा. ती वाकडी दिसली तर ॲप चेहऱ्याचा आकार बदलतंय.

सेटिंगमध्ये जाऊन स्मूद, स्लिम, ब्राइट अशा नावांच्या पट्ट्या शून्यावर आणा. मग जे दिसेल ते तुमच्या चेहऱ्यावर खरोखर होऊ शकेल अशाच्या जवळचं असेल.

शेड बघायची योग्य पद्धत

१. दिवसा खिडकीजवळ उभं राहा. थेट ऊन नको, घरातले दिवे बंद.
२. चेहरा धुऊन थोडा वेळ जाऊ द्या. घासल्यामुळे आलेली लाली उतरली पाहिजे.
३. पांढरा किंवा फिका कपडा घाला. फोनची लेन्स पुसून घ्या.
४. चेहऱ्याशेजारी साधा पांढरा कागद धरून एक फोटो काढा. कागद पिवळा किंवा निळा दिसला तर त्या उजेडातल्या शेडवर विश्वास ठेवू नका.
५. दोन वेगळ्या दिवशी तपासा. दोन्ही वेळा जवळपास तीच शेड आली तरच ती यादीत घ्या.
६. ॲपने सुचवलेली, तिच्याहून एक उजळ आणि एक गडद, अशा तीन शेड दुकानात जबड्याच्या कडेला लावून बघा. अर्धा तास थांबा, कारण त्वचेच्या तेलात मिसळून काही फाउंडेशन गडद होतात. मग बाहेर उजेडात या. जी दिसेनाशी होते ती तुमची.

काही मोठ्या दुकानांत त्वचेला टेकवून रंग मोजणारं यंत्र असतं. सेफोराने पँटोनसोबत २०१२ मध्ये अशी कलर आयक्यू सेवा सुरू केली होती. अशा यंत्राचा प्रकाश स्वतःचा असतो, खोलीतला दिवा मध्ये येत नाही, म्हणून त्याचा निकाल सेल्फीपेक्षा भरवशाचा.

तुमच्या फोटोचं पुढे काय होतं?

काही ॲप्स सगळं काम फोनमध्येच करतात, काही फोटो सर्व्हरवर पाठवतात. फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघा. ट्राय-ऑन चालू राहिलं तर चेहरा फोनमध्येच वाचला जातोय. अर्थात नेट आल्यावर काही पाठवलं जाणार नाही याची ही हमी नव्हे, त्यामुळे प्रायव्हसी पॉलिसी वाचाच. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची तरतूद आहे, आणि ती देण्याइतकंच मागे घेणंही सोपं असावं असं म्हटलं आहे. ॲप नको झालं तर नुसतं अनइन्स्टॉल करू नका, आधी खातं आणि फोटो डिलीट करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चेहऱ्याचा आकार ओळखून दिलेला सल्ला खरा असतो का?
बिंदूंमधली अंतरं मोजून ॲप गोल, लांबट, चौकोनी असं ठरवतं. फोन जवळ धरला तर नाक मोठं आणि चेहरा अरुंद दिसतो, म्हणून उत्तर बदलू शकतं. हात लांब करून फोटो काढा, आणि सल्ला हा फक्त सुरुवात म्हणून घ्या.

ॲप महागडीच उत्पादनं का सुचवतं?
दुकानाचं ॲप दुकानातलाच माल दाखवणार. शेडची झाक आणि गडदपणा लक्षात ठेवा, मग तशीच शेड तुमच्या बजेटच्या ब्रँडमध्ये शोधा.

लग्नाच्या फोटोत चेहरा पांढरट का येतो?
टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड किंवा सिलिकाची पावडर फ्लॅशचा प्रकाश परत फेकते. ॲप हे दाखवत नाही. ट्रायलच्या दिवशी फ्लॅश लावून फोटो काढून बघा. मुहूर्त सकाळचा की गोरज, तेही आर्टिस्टला आधी सांगा.

ॲपवरून ॲलर्जी कळते का?
नाही. त्यासाठी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबणं हाच उपाय.

थोडक्यात

लिपस्टिकचे रंग, भुवयांचा आकार, डोळ्यांचे लूक यांच्यासाठी ट्राय-ऑन मस्त आहे. वीस शेड पुसत बसावं लागत नाही. फाउंडेशनसाठी मात्र ॲपचा शब्द शेवटचा मानू नका, उजेडात त्वचेवर लावून बघा. आणि मेकअपच्या आधी तो तीळ स्क्रीनवर आहे ना, एवढं नक्की तपासा. तो दिसत असेल तर समोर तुमचाच चेहरा आहे.