प्रश्नोत्तरांपूर्वीची लोकल : मुंबईतील संगणकवाल्यांच्या सभांचा इतिहास

१/ सोपाऱ्याचा स्तूप आमच्या बोळिंजच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली त्याचे उत्खनन केले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला; नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्याच भुईगावात मिळाला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या बंदरातल्या प्रजेला राजाने काय सांगितले, ते आपण आज वाचू शकतो. अवघ्या पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुंबईत संगणकावर काम करणारी माणसे संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना काय सांगत होती, हे सांगणारे कागद मात्र कुणाच्या तरी माळ्यावर आहेत, नाहीतर रद्दीत गेले आहेत.

२/ आजचा धागा त्या संध्याकाळांविषयी. महिन्याकाठी एखादी सभा, एक पाहुणा वक्ता, चहा, थोडी प्रश्नोत्तरे. इतक्या साध्या गोष्टीला इतिहास असतो का? माझ्या मते असतो, आणि तो यंत्रांच्या इतिहासापेक्षा अधिक मोलाचा आहे. कारण भारतात संगणक आला तेव्हा तो शिकवणारे वर्ग जवळपास नव्हतेच. ही सभाच शाळा होती.

३/ आधी थोडे मागे जाऊ. मुंबईला सभा आणि व्याख्याने नवी नव्हती. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग. सभासदाने निबंध वाचायचा, इतरांनी त्यावर बोलायचे, ही तिथली रीत. पुढे १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. जे ज्ञान शाळेत मिळत नाही ते सभेत जाऊन मिळवायचे, ही सवय मराठी मध्यमवर्गाला चार-पाच पिढ्यांपासून होती. संगणकवाल्यांनी नकळत तीच वाट धरली.

४/ आता यंत्राकडे. देशातला पहिला संगणक १९५५ साली कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आला. तो ब्रिटनमधून आणलेला होता. त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एक तरुण गट स्वतःच संगणक बांधायच्या खटपटीत होता. गटाचे नेते आर. नरसिंहन. बहुतेकांनी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता! आधी एक प्रायोगिक यंत्र झाले आणि १९६० साली मोठे यंत्र चालू लागले. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले : टिफ्रॅक. सुमारे २,७०० निर्वात नलिका, आणि स्मृती सुरुवातीला १,०२४ शब्दांची. तुमच्या हातातल्या मोबाइलमधले एक छायाचित्रही तीत मावले नसते.

५/ इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. टिफ्रॅक बांधणाऱ्यांना यंत्राचा अंतर्बाह्य परिचय होता. पण १९६१ पासून मुंबईच्या कचेऱ्यांत जी यंत्रे येऊ लागली त्यांची गोष्ट वेगळी. एस्सो या तेल कंपनीच्या मुंबईतील कचेरीत आयबीएम १४०१ बसले, ते व्यापारी कामासाठी आलेल्या भारतातील पहिल्या संगणकांपैकी. आयबीएम यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. भारतात आलेली अनेक १४०१ यंत्रे परदेशात वापरून झालेली, नंतर नीट करून इकडे पाठवलेली होती. दुरुस्ती कंपनीच्या अभियंत्याने करायची, माहितीपुस्तिका कंपनीने द्यायच्या, प्रशिक्षणही कंपनीचेच.

६/ मग भाडे भरणाऱ्या कचेरीतल्या माणसाला एखादी गोष्ट अडली तर त्याने विचारायचे कुणाला? विक्रेत्याला विचारले तर उत्तर विक्रेत्याच्या सोयीचे मिळणार. खरे उत्तर मिळे ते दुसऱ्या भाडेकरूकडे. ‘तुमच्याकडे पगारपत्रकाला किती वेळ लागतो?’ ‘फितीवरची नोंद वाचताना तुमचेही यंत्र अडते का?’ हे प्रश्न पत्रातून विचारण्यासारखे नव्हते. त्यासाठी समोरासमोर बसावे लागे.

७/ हे भारतातच घडले असे नाही. १९५५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातील विमान कंपन्यांच्या लोकांनी आयबीएम ७०४ च्या ग्राहकांचा ‘शेअर’ हा गट काढला. एरवी या कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. पण तोच तो प्रोग्राम प्रत्येकीने नव्याने लिहीत बसणे सर्वांनाच परवडेनासे झाले होते. नावच पाहा : वाटून घ्या.

८/ १९६४ साली टाटा संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकी बनावटीचे बलाढ्य यंत्र आले आणि देशभरातील संशोधकांची कामे त्यावर होऊ लागली. ऐंशी स्तंभांच्या छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा द्यायचा आणि छापील निकालाची वाट पाहायची. एका पत्त्यावर एक छिद्र चुकले की सारे पुन्हा पहिल्यापासून. असा गठ्ठा हातात घेऊन ताटकळत बसलेली माणसे आपसांत काय बोलत असतील, याची कल्पना करायला इतिहासकार असावे लागत नाही.

९/ त्याच १९६४ साली हैदराबादेत संगणक वापरणाऱ्यांचा अखिल भारतीय गट आकाराला आला. ६ मार्च १९६५ रोजी त्यातून कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था झाली. पहिले अध्यक्ष टिफ्रॅकचे नरसिंहन. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस उभी करणारे फकीरचंद कोहली हेही पुढे या संस्थेचे अध्यक्ष झाले.

१०/ या नावबदलापाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक ठिकाणी तो एका ओळीत उरकलेला दिसतो. १९६४ ला ‘वापरणाऱ्यांचा गट’, १९६५ ला ‘संगणक संस्था’. वापरणारा हा एखाद्या यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र गेले की त्याची ओळख जाते. संस्थेचा सभासद विषयाशी बांधलेला असतो. तेल कंपनीतला हिशेबनीस, अणुऊर्जेतला गणिती, सैन्यातला अधिकारी आणि महाविद्यालयातला प्राध्यापक हे चौघे १९६५ पूर्वी एका व्यवसायाचे नव्हते. मालक वेगळे, पगार वेगळे, यंत्रेही वेगळी. कुणाकडे आयबीएम, कुणाकडे सीडीसी. पवईच्या आयआयटीत तर सोव्हिएत मिन्स्क. एका यंत्राची भाषा दुसऱ्याला कळेना. तरीही ते एका खोलीत बसून एकाच वक्त्याचे ऐकू लागले. भारतात ‘संगणक व्यावसायिक’ ही जात त्या खोलीत जन्मली, असे मला वाटते. (जात हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. या खोलीत प्रवेश कुणाला होता, हा प्रश्न खरोखरच विचारायला हवा. इंग्रजी शिक्षण आणि कचेरीतील नोकरी असल्याशिवाय तिथवर पोहोचणे अवघड होते.)

११/ खोलीच्या बाहेर काय चालले होते? बाहेर संताप होता. आयुर्विमा महामंडळाने कोलकात्यात संगणक बसवायचे ठरवले तेव्हा, साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात, कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस या इमारतीपाशी पहारे बसवले. यंत्र आत येऊ द्यायचे नाही म्हणून. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. अहवाल आला १९७२ साली. बँकांत संगणकाला वाट मिळाली ती त्यानंतर दशकभराने, १९८३ च्या करारानंतर.

१२/ म्हणून त्या काळच्या सभेत बसलेल्या माणसाची अवस्था विचित्र होती. तो युनियनच्या नजरेत संशयित, साहेबाच्या नजरेत जादूगार. आपण नेमके काय करतो हे त्याला घरीही धड सांगता येत नसे. महिन्यातून एक संध्याकाळ तो अशा लोकांत जाई जिथे काही समजावून सांगावे लागत नसे.

१३/ इथे मी घरच्या अंगणात येतो. आमच्या आळीतले एक काका मूळचे बोळिंजचेच, वाडीवाले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत फोर्टातल्या एका कचेरीत संगणक विभागात होते. कचेरी सुटली की ते अधूनमधून अशा व्याख्यानांना जात. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ पासून होती खरी, पण चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटरचे अंतर काही कमी झाले नव्हते. आणि स्थानकावरून पुढे घर गाठायचे ते वेगळेच.

१४/ मी विचारले, ‘काका, व्याख्यानं कशी असायची?’ ते म्हणाले, ‘व्याख्यान चांगलं असायचं रे. पण मजा शेवटी. कुणीतरी उठून विचारायचा, हे सगळं ठीक, पण आमच्याकडे असं होतं त्याचं काय? अन् नेमकी तेव्हाच माझी गाडीची वेळ व्हायची. प्रश्न ऐकायचो आणि उठायचो. उत्तरं मी कधी ऐकलीच नाहीत.’

१५/ दुसऱ्या दिवशी कचेरीत, दादरला राहणाऱ्या सहकाऱ्याकडून ते उत्तरे मिळवत. त्यासाठी प्रश्न वहीत टिपून ठेवत. ती वही त्यांनी मला दाखवली. डाव्या पानावर प्रश्न, उजवे पान उत्तरासाठी. बरीच उजवी पाने कोरी आहेत. एका डाव्या पानावर लिहिले आहे : ‘फितीवरील नोंद किती वर्षे टिकते?’

१६/ उपनगराचा इतिहास लिहिताना आपण घरांच्या किमती आणि गाड्यांची गर्दी मोजतो. ज्ञानाचेही असेच अंतर असते हे मला त्या वहीने दाखवले. कुलाबा, फोर्ट, चर्चगेट येथे राहणारा किंवा दादरपर्यंत जाणारा सभासद शेवटपर्यंत थांबू शके, वक्त्याला गाठून ओळख करून घेई. विरारवाला व्याख्यान घेऊन घरी येई, ओळख मात्र मागे राही. स्त्रियांना तर व्याख्यानाला थांबणेही किती शक्य होते, ते वेगळे सांगायला नको.

१७/ १९७८ साली आयबीएमने भारतातील कारभार आवरला. परकी भांडवलाच्या नव्या अटी तिला मान्य नव्हत्या. मागे राहिलेल्या यंत्रांच्या देखभालीचे काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे गेले. आता तर विचारायला मूळ विक्रेताही उरला नाही. एकमेकांना विचारणे एवढाच मार्ग.

१८/ एक तुलना अनेकजण करतात, तिचा उल्लेख करून पुढे जातो. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली सभा भरली. तिथे स्टीव्ह वॉझ्नियॅक होता, पुढे अ‍ॅपलचे पहिले यंत्र त्याच मंडळींसमोर आले. ‘आपल्याकडे असे का झाले नाही?’ हा प्रश्न मला उथळ वाटतो. तिथे सुटे भाग दुकानात मिळत होते. इथे आयातीसाठी परवाना लागे. होमब्रूतला माणूस यंत्र काखोटीला मारून सभेला येत असे. आपला माणूस यंत्राविषयी ऐकायला येत असे, कारण ते त्याच्या मालकीचे नव्हते.

१९/ ते बदलले नव्वदीत. घरात पीसी आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. आणि लिनक्स आले, जे फुकट होते, पण बसवता बसवता नाकी नऊ येत. मोडेम चालेना, पडदा काळा, आवाज गायब! पुन्हा तीच साठीतली स्थिती : पुस्तक अपुरे, विक्रेता नाही, तेव्हा एकमेकांना विचारा. मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचा गट झाला, पुण्यातही झाला. पुण्याचा गट अनेक वर्षे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मॉडेल कॉलनीत, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत जमत असे. इथे माणसे यंत्र उचलूनच आणत आणि घरी जाईपर्यंत ते चालू करून घेत.

२०/ देवनागरी पडद्यावर नीट दिसावी म्हणून खटपट करणारे काही लोकही याच वर्तुळांतले. आज तुम्ही हा धागा मोबाइलवर मराठीत वाचत आहात, त्यामागे पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांचे काम आहेच. पण रविवार खर्ची घालून ‘फाइल’ला मराठीत काय म्हणावे यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्या बिनपगारी माणसांचेही आहे.

२१/ या सभांचे ध्वनिमुद्रण सहसा होत नसे. मोठ्या परिषदांचे शोधनिबंध छापले जात, ग्रंथालयांत राहत. महिन्याच्या सभेचे आमंत्रण मात्र एका पोस्टकार्डावर किंवा चक्रमुद्रित कागदावर येई आणि सभा झाली की टोपलीत जाई.

२२/ तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात आई, वडील, आजोबा, मावशी कुणीही १९९० पूर्वी संगणक विभागात, डेटा प्रोसेसिंगमध्ये किंवा पंचिंगच्या कामावर असतील, तर या दिवाळीच्या साफसफाईत त्यांची जुनी पाकिटे उघडून पाहा. सभेचे आमंत्रण, व्याख्यानाची टिपणे, चक्रमुद्रित कागद, काहीही असो. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या, पोस्टाचा शिक्का असेल तर तो स्पष्ट येऊ द्या, आणि मला पाठवण्याआधी त्यांना विचारा की ते सभा संपेपर्यंत थांबले होते का. काकांच्या वहीतली उजवी पाने भरायची आहेत.