गळ्यांतील ग्रंथि आणि बर्नचा शस्त्रवैद्य

सकाळीं अनशापोटीं थायरॉइडची गोळी घेणारी एखादी तरी स्त्री आज आपल्या बहुतेक आप्तपरिवारांत आढळते. ही गोळी इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कोठून आली याविषयीं कोणी फारसा विचार करीत नाहीं. वस्तुतः तिच्या मागें एका यशस्वी शस्त्रवैद्याच्या हातून घडलेला मोठा अनर्थ आहे. आणि तो अनर्थ त्यानें स्वतःच शोधून काढून जगापुढें मांडला, म्हणूनच ही कथा सांगण्यासारखी आहे असें आम्हांस वाटतें.

गळा सुजून लोंबूं लागणें हा रोग फार प्राचीन. सुश्रुतानें त्याचें वर्णन केलें असून 'गलगंड' हा आपला शब्दहि तितकाच जुना आहे. युरोपांत या रोगाचें माहेरघर म्हणजे आल्प्स पर्वताच्या दऱ्या. तेथील कांहीं खेड्यांत गलगंड नसलेलें माणूसच विरळा, आणि त्याच घरांतून खुजीं, बहिरीं, मंदबुद्धि मुलें जन्मास येत. या दोहोंचा कांहीं संबंध असावा असें लोकांस वाटे. पण तो कोणता, हें कोणासच सांगतां येईना.

उपाय मात्र कारणाच्या आधीं सांपडला होता. इ. स. १८११ मध्यें कूर्त्वा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञास समुद्रवनस्पतींच्या राखेंत आयोडीन मिळालें. गलगंडावर जाळलेला स्पंज देण्याची जुनी चाल होती. त्यावरून जिनीव्हाच्या क्वांदे या वैद्यानें १८२० मध्यें आयोडीनच देऊन पाहिलें. गांठी उतरूं लागल्या. परंतु मात्रेचा धरबंध राहिला नाहीं. लोक मनास येईल तितकें औषध घेऊं लागले. कित्येकांची छाती धडधडूं लागली, शरीरें झिजलीं, आणि औषधाचें नांव बद्दू झालें. औषध खरें असून मात्रेअभावीं तें गेलें. असा प्रकार वैद्यकांत नवा नाहीं.

राहिली शस्त्रक्रिया. परंतु या ग्रंथींतून रक्ताचा प्रवाह एवढा कीं, बहुतेक शस्त्रवैद्य तिला हात लावण्यास धजत नसत. १८७२ मध्यें बर्न येथें प्राध्यापक झालेला थिओडोर कोखर हा या बाबतींत निराळा निघाला. त्याचा हात सावकाश चाले. एकेक रक्तवाहिनी बांधीत, जंतूंपासून जपत तो पुढें जाई. रोगी जगूं लागले. जखमा भरून लोक आनंदानें घरीं गेले. येथें एखाद्या सामान्य मनुष्यानें समाधान मानलें असतें.

१८७४ मध्यें त्यानें अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथि समूळ काढली होती. पुढें तिच्या वैद्यानें कळविलें कीं, मुलीचा स्वभाव पालटला आहे. ही बातमी तशीच राहिली. १८८२ मध्यें जिनीव्हाच्या रेव्हर्दां या शस्त्रवैद्याकडून आपल्याहि रोग्यांत असाच पालट दिसल्याचें त्याच्या कानीं आलें, तेव्हां मात्र कोखरनें आपले जुने रोगी परत बोलाविले. ती मुलगी आली. धाकटी बहीण उंच व देखणी झाली होती. ही मात्र होती तेवढीच राहून तिचा चेहरा सुजट व मुद्रा जड झाली होती. ज्यांची ग्रंथि पूर्ण काढली होती असे अठरा जण तपासतां आले. त्यांपैकीं सोळा जणांची तीच दशा: अंगांत थंडी, त्वचा कोरडी, केस गळलेले, बोलणें संथ, स्मरण मंद.

एप्रिल १८८३ मध्यें बर्लिन येथें जर्मन शस्त्रवैद्यांच्या सभेपुढें त्यानें हा सारा वृत्तांत उघडपणें ठेवला, आणि गलगंडासाठीं संपूर्ण ग्रंथि काढण्याचें सोडून दिलें. कोखरची थोरवी त्याच्या हस्तकौशल्यांत आहे असें म्हणण्याची रूढि आहे. आम्हांस ती या बोलावण्यांत दिसते. मात्र नऊ वर्षें फार झालीं, हेंहि म्हटलें पाहिजे.

इकडे लंडनमध्यें गल या वैद्यानें १८७३ मध्येंच प्रौढ स्त्रियांस आपोआप जडणारा असाच एक जडत्वाचा रोग वर्णिला होता. १८८३ मध्यें सेमन यानें हा रोग, कोखरचे रोगी व आल्प्समधील मंदबुद्धि मुलें हीं तिन्ही एकाच अभावाचीं रूपें असल्याचें सुचविलें. आरंभीं त्याची थट्टा झाली. परंतु चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळानें १८८८ मध्यें त्याचेंच म्हणणें उचलून धरलें. मग उपाय उघडच होता. १८९१ मध्यें न्यूकॅसल येथें मरे यानें मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क शेहेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीस टोंचला. ती सुधारली, आणि पुढें अठ्ठावीस वर्षें जगली. तेवढ्यासाठीं आठशेंहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि लागल्या!

१८९५ च्या सुमारास बाउमान यास या ग्रंथींतच आयोडीन आढळलें, व क्वांदेच्या औषधाचा उलगडा झाला. १९१४ मध्यें केंडॉल यानें तिचा स्राव शुद्ध स्वरूपांत वेगळा केला, आणि १९२७ मध्यें हॅरिंग्टन व बार्जर यांनीं तो कृत्रिम रीतीनें बनविला. आजची गोळी ती हीच. स्राव कमी पडला कीं थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठ, मासिक पाळींतील बिघाड हीं लक्षणें दिसतात. अधिक झाला कीं छाती धडधडते, हात कांपतात, खाऊनहि माणूस वाळतो, क्वचित् डोळे बाहेर येतात. पण थकवा कोणास नाहीं? म्हणून रक्त तपासल्यावांचून निदान करूं नये, आणि मात्राहि तपासणीवरूनच ठरवावी. गर्भवतीनें तर यांत हयगय करूंच नये. पोटांतील बालकाच्या मेंदूची वाढ या स्रावावर अवलंबून असते.

हिमालयाच्या पायथ्याशींहि आल्प्ससारखीच स्थिति होती. १९५६ मध्यें डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं कांगडा खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोहोंस आयोडीनयुक्त मीठ दिलें, एकास साधें. कांहीं वर्षांनीं शाळांतील मुलांचे गळे पुन्हां तपासले, तों त्या दोन विभागांतील गलगंड पुष्कळच ओसरला होता. १९६२ मध्यें सरकारनें गलगंडनियंत्रणाची राष्ट्रीय योजना हातीं घेतली, आणि साधें मीठ खाणाऱ्या त्या उरलेल्या विभागासहि आयोडीनचें मीठ मिळूं लागलें.