दगडांना विरजण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं कोल्हापूरला वेढा घातला, ते दिवस आपण कुणी विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. शाहूपुरीत माझ्या पुतण्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं. माणसं वेळेवर बाहेर पडली. मागं राहिली ती त्याची खाऱ्या पाण्याची काचपेटी. नदी समुद्राला मिळते हे आपण शाळेत शिकलो. इथं नदीनं घरात येऊन समुद्र बुडवला. पूर ओसरल्यावर पेटीत चिखलच उरला होता. पुतण्यानं त्यातले दगड आणि वाळू तेवढी पोत्यात भरून गच्चीवर ठेवली.

दोन वर्षांनी त्यानं नवी काच आणली. मोजून मीठ कालवलं, तेच दगड रचले, तीच वाळू अंथरली आणि आठव्या दिवशी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे सोडले. चार दिवसांत दोन्ही मेले. "चाचा, दगड तेच, वाळू तीच. मग चुकलं कुठं?" त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मला शास्त्र कमी कळतं. पण एखादी गोष्ट उमजली नाही की ती सुरू कशी झाली हे मी शोधत जातो.

हा शोध मला थेट १८४६ सालात घेऊन गेला. ॲना थिन नावाच्या एका पाद्र्याच्या पत्नीनं इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ एका बरणीत घालून लंडनला आणले. समुद्र दूर, पाणी तेवढंच. ते खराब होऊ नये म्हणून ती आणि तिची मोलकरीण रोज खिडकीपाशी उभं राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायच्या. पुढच्या वर्षी तिनं समुद्री वनस्पती उगवलेले दगडाचे तुकडेच मागवून पाण्यात ठेवले. माणसाच्या घरात समुद्र नांदला तो अशा दगडांच्या आधारानं.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यामागं फिलिप हेन्री गॉस हा निसर्ग-अभ्यासक होता. त्याच्या पुस्तकांनी लोकांना असं वेड लावलं की टोपल्या घेऊन माणसं किनाऱ्यावर उतरली आणि खडकांमधली डबकी ओरबाडून गेली. पुढं गॉसच्या मुलानं, एडमंडनं, १९०७ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात या नासाडीबद्दल हळहळ व्यक्त केली. बापानं दाखवलेलं सौंदर्य बापाच्याच वाचकांनी संपवलं, हे त्याला बघावं लागलं.

दगडात नेमकं असतं काय, याचं उत्तर १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये मिळालं. सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञानं मातीतले दोन प्रकारचे जिवाणू वेगळे करून दाखवले. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. माशाच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. नायट्राइटही घातक. नायट्रेट त्या मानानं सौम्य. पाण्यातही हेच काम असे जिवाणू करतात. दगडाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर त्यांची वस्ती असते. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत प्रवाळखडक, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर पेटी चालवण्याची पद्धत जगापुढं मांडली. तिथून जगभर प्रवाळखडकांना मागणी आली.

माझ्या पिढीनं काचेमागचा समुद्र पाहिला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. दोन लाखांच्या पारशी देणगीच्या मदतीनं उभं राहिलेलं हे मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं आणि २०१५ मध्ये नव्या रूपात पुन्हा उघडलं. शाळेच्या सहलीत आम्ही तिथं मासेच पाहिले. मागचे दगड कुणी पाहिले?

पुतण्याचं चुकलं ते इथं. दगड तेच होते, पण त्यांच्यातली वस्ती पुरानं आणि उन्हानं मेली होती. नुसती मेली नव्हती, छिद्रांतच अडकून राहिली होती. पाणी लागताच ती कुजू लागली आणि अमोनिया सुटला. तो पचवणारं कुणी शिल्लक नव्हतं. असे जुने दगड फॉस्फेटही धरून ठेवतात. ते पुढं महिनोन् महिने झिरपतं आणि पेटीत शेवाळ माजतं. वाळूत तर कणाकणामागं गाळ.

मग फेकून द्यावेत का? नवे आणायचे कुठून? आपल्याकडं २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. तिथला दगड उचलणं म्हणजे गॉसच्या वाचकांचा गुन्हा पुन्हा करणं. हातात आहेत तेच दगड सांभाळायचे.

दुसऱ्या खेपेला पुतण्यानं दगड ब्रशनं घासले, ब्लीचच्या पाण्यात बुडवले, वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतले आणि उन्हात वाळवले. वाळू पाणी निवळ येईपर्यंत खळखळून घेतली. मग खाऱ्या पाण्यात पंप लावून सगळं अंधारात ठेवलं. मित्राच्या निरोगी पेटीतला एक छोटा दगड आणून त्यात टाकला. ते विरजण. दुधाचं दही विरजणाशिवाय लागत नाही आणि घाई केली तर बिघडतं. तपासणीत अमोनिया चढला आणि उतरला. मग नायट्राइट चढलं आणि उतरलं. सहा आठवडे गेले. दोन्ही शून्यावर आल्यावर एकच मासा सोडला. तो जगला.

पुरानंतर आपण घरं धुतली, भिंती वाळवल्या, तेव्हा सगळ्यांना लवकर पूर्ववत व्हायचं होतं. वारशात मिळालेली गोष्ट जुनी आहे म्हणून जिवंत असतेच असं नाही आणि मेली आहे म्हणून टाकाऊही नसते. धुवायचं काय, ठेवायचं काय हे ठरवावं लागतं. मग थोडं विरजण लावून थांबावं लागतं. पुतण्याला हे सहा आठवड्यांत कळलं. मला मात्र पन्नाशी ओलांडावी लागली.