कोल्हापुरातील व्हिक्टोरियनकालीन वास्तुकला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर संस्थानात युरोपीय व भारतीय घटकांचा मेळ घालून ज्या इमारती उभारल्या गेल्या, त्यांच्या बांधणीस कोल्हापुरातील व्हिक्टोरियनकालीन वास्तुकला असे म्हणता येते. यांतील प्रमुख इमारतींचे आराखडे ब्रिटिश लष्करी अभियंता मेजर चार्ल्स मँट यांनी केले.

पार्श्वभूमी

छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचे युरोपच्या दौऱ्यावर असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन झाले. तेथे आर्नो नदीकाठी १८७४ मध्ये उभारलेली त्यांची स्मारकछत्रीही मँट यांच्याच आराखड्यानुसार बांधलेली आहे. त्यांचे दत्तक वारस चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन असल्याने संस्थानाचा कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली आला. टाउन हॉल व नवा राजवाडा यांची कामे याच काळात सुरू झाली. नव्या शैलीची निवड केवळ राजघराण्याच्या आवडीने झाली नव्हती, हे त्यावरून लक्षात येते.

प्रमुख इमारती

टाउन हॉल (१८७२–७६) ही गॉथिक वळणाची इमारत असून तिच्या दर्शनी बाजूस उतरत्या टोकदार छपरांचे दोन मनोरे आहेत. ब्रह्मपुरी येथील उत्खननात सापडलेल्या वस्तू आज येथील वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. समोरच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे पूर्वीचे अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय आहे.

नवा राजवाडा (१८७७–८४) काळ्या घडीव दगडात बांधलेला असून त्याच्या मध्यभागी घड्याळाचा मनोरा आहे. गुजरात-राजस्थानातील मंदिरे व राजवाडे यांतील कमानी, छत्र्या आणि सज्जे त्यात युरोपीय मांडणीशी जोडलेले दिसतात. दरबार दालनाच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. इंग्लंडमधील चर्चच्या खिडक्यांचे तंत्र मराठी इतिहासाला वापरल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

मँट १८८१ मध्ये वारले. राजवाडा त्यांच्या पश्चात पूर्ण झाला. आपल्या इमारती कोसळतील या धास्तीने त्यांचे मन बिघडले, अशी आख्यायिका सांगितली जाते. इमारती मात्र आजही वापरात आहेत.

निवासी घरे

सामाईक भिंतींची, एकसारख्या दर्शनी भागाची ओळीतील घरे ही इंग्लंडमधील व्हिक्टोरियन शहरांची खूण होती. कोल्हापूरच्या जुन्या पेठांतही घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. परंतु दगडी जोते, लाकडी खांबांचा सोपा, माजघर आणि मागील परडे ही त्यांची रचना स्थानिक परंपरेतील आहे. ती एकाच आराखड्याने नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाच्या गरजेनुसार वाढत गेली.